विश्लेषण : गोदी कामगार ते जागतिक कीर्तीचा नेता… फ्रेडरिक डग्लस यांच्या वाटचालीत त्यांच्या कुटुंबाचा वाटा किती?

अमेरिकेत फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये एका आठवड्यापासून या उपक्रमाची सुरुवात केली. त्यासाठी फेब्रुवारीच निवडण्यामागे कारण होते. अब्राहम लिंकन यांची १२ फेब्रुवारीची आणि फ्रेडरिक डग्लस यांची १४ फेब्रुवारीची जयंती याच आठवड्यात येते. लिंकन आपल्याकडे शालेय पुस्तकांतून परिचित आहेत. डग्लस यांची ओळख मात्र बहुतेकांना प्रभावी वक्ता आणि गुलामगिरीतून पळून आलेला लेखक एवढीच असते. नेता होण्यापूर्वी ते गोदीत काम करणारे कुशल कारागीर होते आणि त्यांना स्वातंत्र्यापर्यंत पोहोचवण्यासाठी पैसा पुरवला तो घरकाम करणाऱ्या एका तरुणीने, हे फारसे सांगितले जात नाही. ही तरुणी म्हणजे त्यांच्या पहिल्या पत्नी अ‍ॅना मरे. डग्लस यांच्या घराची ही गोष्ट नेमकी काय आहे?

डग्लस कोण होते?

फ्रेडरिक यांचा जन्म १८१८ मध्ये मेरीलँड राज्यातील टॅल्बट काउंटीत झाला. त्यांचे मूळ आडनाव बेली. आई हॅरिएट बेली या गुलाम होत्या. वडील गोरे असावेत, एवढेच त्यांना ऐकून माहीत होते. गुलामांच्या जन्माची नोंद मालकाच्या हिशेबाच्या वहीत व्हायची आणि ती त्यांना दाखवली जात नसे. त्यामुळे डग्लस यांना स्वत:ची जन्मतारीख आयुष्यभर कळली नाही. १४ फेब्रुवारी ही तारीख त्यांनी पुढे स्वत:च ठरवून घेतली.

आईला दूरच्या शेतावर कामाला ठेवलेले होते. दिवसभराचे काम संपल्यावर ती रात्री सुमारे १२ मैल चालत मुलाला भेटायला यायची आणि उजाडायच्या आत परतायची. अशा भेटी मोजक्याच झाल्या. फ्रेडरिक सात वर्षांचे असताना ती गेली. त्यांना सांभाळले ते आजी बेट्सी यांनी. सहाव्या वर्षी आजीनेच त्यांना मालकाच्या मोठ्या मळ्यावर नेऊन सोडले, कारण तसा हुकूम होता. भावंडांची गाठ तिथे पहिल्यांदा पडली, पण सख्खी असूनही ती परक्यासारखीच वाटली. कुटुंब म्हणजे काय, हे कळण्याआधीच ते मोडले होते.

हा केवळ एका घरातील दुर्दैवाचा भाग नव्हता. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. नवरा, बायको आणि मुले वेगवेगळ्या मालकांना विकता येत. मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईच्या दर्जावरून ठरे. आई गुलाम असेल तर मूलही जन्मत:च गुलाम. हा नियम लक्षात ठेवायला हवा, कारण डग्लस यांच्या पुढच्या संसारात तोच उलट बाजूने उपयोगी पडला.

गोदीतले काम नेमके कोणते होते?

१८२६ मध्ये फ्रेडरिक यांना बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवण्यात आले. ह्यू जहाजबांधणीच्या व्यवसायातले होते. त्यांच्या पत्नी सोफिया यांनी मुलाला अक्षरे शिकवायला सुरुवात केली, पण नवऱ्याने ते थांबवले. गुलाम शिकला तर गुलाम राहणार नाही, हे त्यामागचे कारण. पुढची अक्षरओळख गोदीतच झाली. सुतार लाकडाचे तुकडे तासून झाले की ते जहाजाच्या कोणत्या भागात बसवायचे, त्याचे अक्षर त्यावर लिहीत. डावी बाजू, उजवी बाजू, पुढचा भाग, मागचा भाग अशी ती चार अक्षरे होती. ती पाहून फ्रेडरिक गिरवायला शिकले. पुढे रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांशी अक्षरे लिहिण्याची पैज लावून त्यांनी उरलेली अक्षरे मिळवली.

मधली काही वर्षे त्यांना पुन्हा ग्रामीण भागात शेतावर राबवले गेले. १८३६ मध्ये पळून जाण्याचा एक बेत फसल्यावर ते बाल्टिमोरला परतले आणि फेल्स पॉइंट येथील विल्यम गार्डिनर यांच्या गोदीत उमेदवारीला लागले. तिथे गोऱ्या उमेदवारांनी त्यांना बेदम मारहाण केली. डोळा थोडक्यात वाचला. ह्यू ऑल्ड त्यांना घेऊन न्यायाधीशाकडे गेले, पण गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष ग्राह्य नव्हती. आसपास उभे असलेल्या गोऱ्यांपैकी कुणीही साक्ष द्यायला पुढे आले नाही. प्रकरण तिथेच संपले.

त्यानंतर वॉल्टर प्राइस यांच्या गोदीत ते ‘कॉकिंग’ शिकले. लाकडी जहाजाच्या बाहेरील फळ्या कितीही नेमक्या बसवल्या तरी त्यांच्यात फट राहतेच. जुने डांबरी दोर पिंजून काढलेले तंतू छिन्नीसारख्या बोथट हत्याराने आणि लाकडी हातोड्याने या फटींत ठासून भरायचे आणि वरून गरम डांबर ओतायचे, असे हे काम. भरणा सैल राहिला तर पाणी आत येते. गरजेपेक्षा जास्त ठासला तर पाण्यात लाकूड फुगल्यावर फळ्यांवर ताण येतो. त्यामुळे हाताला अंदाज असलेल्या माणसालाच हे काम जमे. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. बाल्टिमोरमध्ये या कामात स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागिरांचे वर्चस्व होते.

वर्षभरात फ्रेडरिक यांना अनुभवी कारागिराएवढी, म्हणजे दिवसाला दीड डॉलर मजुरी मिळू लागली. आठवड्याला कधी सहा-सात, तर कधी नऊ डॉलर. मात्र शनिवारी ही सगळी रक्कम ह्यू ऑल्ड यांच्या हातात द्यावी लागे. कमाई चांगली झाली की मालक खूश होऊन त्यातले काही सेंट परत देत. १८३८ मध्ये त्यांनी मालकाशी नवा ठराव केला. काम स्वत: शोधायचे, जेवण, कपडे आणि हत्यारांचा खर्च स्वत: करायचा आणि मालकाला आठवड्याला तीन डॉलर द्यायचे. पाऊस पडो वा काम न मिळो, तीन डॉलर चुकत नसत. काही महिन्यांतच एका आठवड्याचे पैसे द्यायला उशीर झाला आणि मालकाने ही सवलत काढून घेतली. पळून जायचे, हे तेव्हा पक्के झाले.

अ‍ॅना मरे यांची भूमिका काय होती?

अ‍ॅना यांचा जन्म १८१३ च्या सुमारास मेरीलँडमधीलच कॅरोलिन काउंटीत झाला. त्यांचे आईवडील गुलाम होते, पण अ‍ॅना यांच्या जन्माच्या सुमारे महिनाभर आधी त्यांची मुक्तता झाली. बारा भावंडांत आठव्या असलेल्या अ‍ॅना या घरात स्वतंत्र जन्मलेले पहिले मूल ठरल्या. सतराव्या वर्षी त्या बाल्टिमोरला आल्या आणि श्रीमंत घरांत घरकाम करू लागल्या. काटकसरीने राहून त्यांनी पैसे साठवले, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण जमवले.

बाल्टिमोरमध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणांचे एक वादसभा मंडळ होते. त्यात बहुतेक गोदीतले कारागीर होते आणि फ्रेडरिक यांचा तिथे वावर होता. याच काळात दोघांची ओळख झाली. स्वतंत्र स्त्रीने गुलाम पुरुषाशी लग्न ठरवणे म्हणजे मोठी जोखीम होती. नवऱ्याला कधीही दूर दक्षिणेत विकले जाऊ शकत होते. पळून जाण्यात मदत केल्याचे उघड झाले तर त्यांनाही शिक्षा झाली असती. तरीही अ‍ॅना यांनी आपली बचत पुढे केली. प्रवासखर्चासाठी त्यांनी आपल्याजवळची पिसांची एक गादीही विकली, असे त्यांच्या मोठ्या मुलीने पुढे लिहून ठेवले आहे.

३ सप्टेंबर १८३८ रोजी फ्रेडरिक खलाशाच्या वेशात बाल्टिमोरहून रेल्वेत चढले. त्यांच्या खिशात एका खलाशी मित्राचे ओळखपत्र होते. त्यातले वर्णन त्यांच्याशी जुळणारे नव्हते. पण गोदीत वाढल्यामुळे जहाजाचे भाग आणि खलाशांची भाषा त्यांना तोंडपाठ होती. तपासनिसाने कागद नीट पाहिला नाही. रेल्वे, होडी, पुन्हा रेल्वे आणि आगबोट असा प्रवास करत चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले. निरोप मिळताच अ‍ॅना सामानासुमानासह तिथे आल्या. १५ सप्टेंबर रोजी जेम्स पेनिंग्टन या धर्मोपदेशकांनी त्यांचे लग्न लावले. पेनिंग्टन स्वत:ही मेरीलँडमधून पळून आलेले होते.

येथे आधी सांगितलेला नियम महत्त्वाचा ठरतो. नवरा कायद्याने अजूनही ऑल्ड कुटुंबाची मालमत्ता होता. मात्र आई जन्मत: स्वतंत्र असल्यामुळे या जोडप्याची मुले स्वतंत्रच जन्मणार होती. आईच्या दर्जावरून फ्रेडरिक गुलाम ठरले होते. त्यांची मुलेही आईच्याच दर्जावरून स्वतंत्र ठरली.

संसाराची पहिली वर्षे कशी गेली?

हे जोडपे मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड या बंदरात स्थायिक झाले. देवमाशांच्या शिकारीचे हे मोठे केंद्र, म्हणजे जहाजे भरपूर आणि कॉकिंगचे कामही भरपूर. नेथन आणि पॉली जॉन्सन या कृष्णवर्णीय दाम्पत्याने त्यांना आसरा दिला. पकडले जाऊ नये म्हणून आडनाव बदलणे आवश्यक होते. नेथन यांनी वॉल्टर स्कॉट यांच्या काव्यातील एका पात्रावरून ‘डग्लस’ हे नाव सुचवले. पुढे जगाला माहीत झालेले नाव ते हेच.

काम मिळवण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. एका जहाजावर कॉकिंगचे काम ठरले, पण कृष्णवर्णीय कारागीर आला तर आम्ही सगळे काम सोडू, असे गोऱ्या कामगारांनी बजावले. उत्तरेत गुलामगिरी नसली तरी वर्णभेद होताच. कारागीर म्हणून दिवसाला दोन डॉलर मिळाले असते. त्याऐवजी त्यांनी एका डॉलरवर मिळेल ती मजुरी केली. कोळसा ओढणे, लाकूड फोडणे, जहाजावर तेलाची पिंपे चढवणे, पितळेच्या भट्टीवर भाता ओढणे अशी कामे त्यांनी केली. अ‍ॅना यांनी घरोघरचे कपडे धुतले. याच दोन खोल्यांच्या संसारात १८३९ मध्ये रोझेटा आणि १८४० मध्ये लुइस यांचा जन्म झाला. फ्रेडरिक ज्युनिअर १८४२ मध्ये, तर चार्ल्स १८४४ मध्ये जन्मले.

१८४१ मध्ये नँटकेट येथील सभेत डग्लस पहिल्यांदा मोठ्या श्रोतृवर्गासमोर बोलले आणि गुलामगिरीविरोधी संघटनेने त्यांना वक्ता म्हणून नेमले. त्यानंतर ते सतत फिरतीवर राहिले. घर लिन या गावी हलले. तिथल्या बूट कारखान्यांसाठी अ‍ॅना घरी बसून बुटांचे वरचे भाग शिवून देऊ लागल्या. चार मुले, शिवणकाम आणि बोस्टनच्या गुलामगिरीविरोधी जत्रेची तयारी अशी त्यांची विभागणी होती.

१८४५ मध्ये डग्लस यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात मालकांची खरी नावे होती, त्यामुळे पकडले जाण्याचा धोका वाढला. ते इंग्लंड-आयर्लंडला निघून गेले आणि तब्बल वीस महिने तिकडेच राहिले. या काळात घर अ‍ॅना यांच्या कमाईवर चालले. नवऱ्याकडून येणाऱ्या पैशांना शक्यतो हात लावायचा नाही, असे त्यांचे धोरण होते आणि डग्लस परतले तेव्हा घरावर कर्ज नव्हते.

ब्रिटनमधील समर्थकांनी पैसे जमवून १८४६ च्या अखेरीस त्यांची ऑल्ड यांच्याकडून कायदेशीर सुटका करून घेतली. त्यासाठी १५० पौंड, म्हणजे ७११ डॉलर ६६ सेंट मोजावे लागले. डग्लस गोदीत आठवड्याला नऊ डॉलर मिळवत त्या हिशेबाने ही त्यांच्याच सुमारे ७९ आठवड्यांची मजुरी होती. 

घरच चळवळीचे केंद्र कसे बनले?

१८४७ मध्ये डग्लस यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथून ‘द नॉर्थ स्टार’ हे साप्ताहिक सुरू केले आणि पुढच्या वर्षी कुटुंब तिथे आले. मुले छापखान्यात खिळे जुळवायला, अंकांच्या घड्या घालायला आणि अंक पोहोचवायला शिकली. आपल्या मुलांच्या हातात कसब असावे, हा डग्लस यांचा आग्रह होता.

शाळेचा अनुभव वेगळा नव्हता. १८४८ मध्ये नऊ वर्षांच्या रोझेटाला एका खासगी शाळेत घातले, तेव्हा तिला इतर मुलींपासून वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. वर्गातील मुलींची हरकत नव्हती. एका पालकाने विरोध केला आणि तेवढ्यावर तिचा प्रवेश गेला. डग्लस यांनी त्या पालकाला उद्देशून आपल्या साप्ताहिकात खुले पत्र छापले. रॉचेस्टरच्या सार्वजनिक शाळांतील भेद १८५७ मध्ये संपला.

रॉचेस्टर कॅनडाच्या वाटेवर आहे. ऑन्टारिओ सरोवर ओलांडले की पलीकडे ब्रिटिश हद्द. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना उत्तरेतही पकडून परत पाठवणे सोपे झाले, तेव्हा या घराचे महत्त्व वाढले. कधी एकाच वेळी अकरा माणसे मुक्कामाला असत. डग्लस बहुधा व्याख्यानांच्या दौऱ्यावर. मध्यरात्री दार उघडणे, जेवण आणि अंथरुणाची सोय करणे, पुढच्या प्रवासाची तयारी करून देणे हे काम अ‍ॅना आणि मुलांकडे होते. या कामाची नोंद ठेवणे धोक्याचे होते, त्यामुळे त्याचे कागद फारसे उरले नाहीत.

ताणही कमी नव्हते. अ‍ॅना यांचे शिक्षण झाले नव्हते आणि शिकवणी लावूनही त्या लिहिण्या-वाचण्यात रमल्या नाहीत. डग्लस यांचे जग मात्र पुस्तके, पत्रे आणि सभांचे बनत गेले. १८४९ मध्ये इंग्लंडहून आलेल्या ज्युलिया ग्रिफिथ्स यांनी साप्ताहिकाची ढासळलेली आर्थिक घडी सावरली. त्या काही काळ याच घरात राहिल्या. गोरी, अविवाहित, शिकलेली स्त्री डग्लस यांच्यासोबत वावरताना पाहून शहरात कुजबूज सुरू झाली. पूर्वीच्या सहकाऱ्यांशी राजकीय मतभेद झाल्यावर त्यांच्या वृत्तपत्राने या खासगी बाबीचाही उल्लेख केला. तेव्हा अ‍ॅना यांच्या नावाने खुलासा प्रसिद्ध करावा लागला. १८५६ पासून ओटिली अ‍ॅसिंग या जर्मन पत्रकार दरवर्षी उन्हाळ्यात या घरी मुक्कामाला येऊ लागल्या. त्यांनी डग्लस यांच्या दुसऱ्या आत्मकथनाचा जर्मन अनुवाद केला. त्यांच्या नात्याच्या स्वरूपाविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. या दीर्घ मुक्कामांत यजमानपणाचे काम अ‍ॅना यांच्याच वाट्याला आले, याबद्दल मात्र वाद नाही.

ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला. ब्राउन त्याआधी डग्लस यांच्या घरी राहून गेले होते. अटक होणार हे दिसताच डग्लस यांनी तारेने निरोप पाठवून मोठा मुलगा लुइसला टेबलातील कागदपत्रे सुरक्षित जागी हलवायला सांगितले आणि ते कॅनडामार्गे इंग्लंडला गेले. ते तिकडे असतानाच १३ मार्च १८६० रोजी धाकटी मुलगी अ‍ॅनी वारली. तिचा अकरावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. मुलीच्या अंत्यसंस्काराला वडील नव्हते. बातमी कळल्यावर अटकेचा धोका पत्करून ते परतले.

मुलांच्या पिढीला काय अनुभव आला?

यादवी युद्धात कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्या, ही मागणी डग्लस यांनी लावून धरली. ती मान्य झाल्यावर भरतीसाठी त्यांनी सर्वप्रथम स्वत:च्या मुलांना पुढे केले. चार्ल्स आणि लुइस ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत दाखल झाले. फ्रेडरिक ज्युनिअर भरतीच्या कामाला लागले. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवरील हल्ल्यात या पलटणीची मोठी हानी झाली. लुइस त्यात होते आणि वाचले. या सैनिकांना गोऱ्या सैनिकांच्या १३ डॉलरऐवजी १० डॉलर मिळत आणि त्यातूनही कपड्यांचे तीन डॉलर कापले जात. ऑगस्टमध्ये डग्लस लिंकन यांना भेटले तेव्हा त्यांनी हा विषय मांडला. समोर राष्ट्राध्यक्ष होते, पण बोलणारा दोन शिपायांचा बापही होता.

युद्ध संपले, गुलामगिरी गेली. १८६९ मध्ये लुइस यांना वॉशिंग्टनच्या सरकारी मुद्रणालयात खिळे जुळवण्याचे काम मिळाले. पण तिथल्या मुद्रण कामगारांच्या संघटनेने वर्णामुळे त्यांना सदस्यत्व नाकारले. न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर वडिलांसोबत जे घडले होते, तेच तीन दशकांनी मुलासोबत घडले. बाल्टिमोरच्या गोदीतही १८६५ मध्ये गोऱ्या कामगारांनी संप करून कृष्णवर्णीय कॉकर कारागिरांना बाहेर काढले. त्यावर आयझॅक मायर्स या कॉकर कारागिराने सहकाऱ्यांसह भांडवल उभारून स्वत:ची गोदीच सुरू केली. मायर्स यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कामगार संघटनेचे अध्यक्षपद पुढे डग्लस यांनी सांभाळले.

मोडलेल्या जुन्या घराचे काही दुवे याच काळात जुळले. १८६७ मध्ये भाऊ पेरी टेक्सासहून बायकामुलांसह त्यांच्याकडे आले. अनेक दशकांची ताटातूट होती. डग्लस यांनी त्यांच्यासाठी रॉचेस्टरला आपल्या जागेतच छोटे घर बांधून दिले. १८७७ मध्ये ते अंथरुणाला खिळलेले जुने मालक थॉमस ऑल्ड यांनाही भेटून आले.

वाढत्या कुटुंबाचा भार मात्र कायम डग्लस यांच्यावर राहिला. वॉशिंग्टनमध्ये मुलांसाठी चालवलेले वृत्तपत्र १८७४ मध्ये मोठा तोटा सोसून बंद पडले. मुले, जावई, नातवंडे वेळोवेळी पैशांसाठी त्यांच्याकडेच येत. भेदभावाच्या बाजारात मोठ्या बापाची मुले असणे पुरेसे नव्हते.

अ‍ॅना यांच्यानंतर काय झाले?

जून १८७२ मध्ये रॉचेस्टरचे घर आगीत जळाले. जीवितहानी टळली, पण साप्ताहिकाचे जपून ठेवलेले अंक नष्ट झाले. कुटुंब वॉशिंग्टनला गेले. १८७७ मध्ये डग्लस यांनी शहराबाहेरच्या टेकडीवर ६,७०० डॉलरला घर घेतले आणि त्याला सीडर हिल नाव दिले. या घरात अ‍ॅना यांना जेमतेम चार वर्षे मिळाली. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ४ ऑगस्ट १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. जवळपास ४४ वर्षांचा संसार संपला. डग्लस त्यानंतर काही काळ खोल नैराश्यात होते.

२४ जानेवारी १८८४ रोजी त्यांनी हेलन पिट्स यांच्याशी लग्न केले. हेलन गोऱ्या, उच्चशिक्षित, त्यांच्याच कार्यालयात काम केलेल्या आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी लहान होत्या. हेलन यांचे वडील गुलामगिरीविरोधी चळवळीतले. तरी त्यांनी या लग्नानंतर जावयाला घराचे दार बंद केले. डग्लस यांच्या मुलांना हा आपल्या आईचा अपमान वाटला. देशभरातील वृत्तपत्रांनी दोन्ही बाजूंनी टीका केली. वर्णभेदाविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या माणसाच्या घरातच हा प्रश्न अवघड होऊन बसला.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी महिला हक्कांच्या सभेहून परतल्यावर डग्लस यांचे घरीच निधन झाले. मृत्युपत्रावर पुरेशा साक्षीदारांच्या सह्या नसल्याने सीडर हिल हेलन यांना देण्याची तरतूद टिकली नाही. हेलन यांनी कर्ज काढून मुलांचे हिस्से विकत घेतले आणि घर स्मारक म्हणून राखण्यासाठी मृत्यूपर्यंत प्रयत्न केले. आज ते राष्ट्रीय वारसास्थळ आहे. रॉचेस्टरच्या माउंट होप दफनभूमीत डग्लस, अ‍ॅना, हेलन आणि अ‍ॅनी यांचे अवशेष आहेत.

ही गोष्ट आज का महत्त्वाची?

डग्लस यांनी तीन आत्मकथने लिहिली. त्यात ओव्हरसिअर, मालक, गोदीतले सुतार यांची सविस्तर वर्णने आहेत. अ‍ॅना यांना मात्र काही ओळींपलीकडे जागा नाही. खासगी आयुष्य चव्हाट्यावर येऊ नये, हे त्याचे एक कारण मानले जाते. कारण कोणतेही असो, परिणाम असा झाला की अक्षरओळख नसलेल्या स्त्रीची बाजू कागदावर आलीच नाही. ती उणीव १९०० मध्ये रोझेटा यांनी आईविषयी लिहिलेल्या आठवणींनी काही प्रमाणात भरून काढली. गादी विकल्याचा तपशील, लिनमधला बूटशिवणीचा हिशेब, घरी येणाऱ्या नवऱ्याची पाहुण्यासारखी बडदास्त या गोष्टी आज माहीत आहेत त्या मुख्यत: या लेखनामुळे.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा धागा जुना आहे. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी संपवण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. जोतिरावांनी सावित्रीबाईंना शिकवले आणि त्यांनी स्वत: लिहिले, म्हणून त्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले. अ‍ॅना यांच्याबाबतीत तसे झाले नाही. त्यांचा वाटा शोधायचा तर डग्लस यांच्या पुस्तकांबाहेर, घराच्या हिशेबात आणि मुलीच्या आठवणींत शोधावा लागतो. बाल्टिमोरच्या गोदीतला कुशल कारागीर १८३८ मध्ये शहराबाहेर पडू शकला, तो ज्या पैशांवर, ते कुठून आले होते याचे उत्तर तिथेच सापडते.